घरचेच काम

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना आर्थिक गणनेविषयी काही सांगायला बसलो आहोत, तेव्हा आरंभीच थोडा खुलासा केलेला बरा. आम्ही आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले. आकड्यांशी आमचा संबंध हजेरीपट, गुणपत्रक आणि पगारपत्रक यांच्या पलीकडे कधी गेला नाही. परंतु २००५ साली देशाची पाचवी आर्थिक गणना झाली, तेव्हा इचलकरंजीतल्या आमच्याच भागातील काही गल्ल्यांचे पर्यवेक्षक म्हणून आमची नेमणूक झाली, आणि त्या दिवसांत आमच्या हातून एक चूक घडली. चूक अवघी एका अंकाची. त्या गोष्टीला आता वीस वर्षे उलटून गेली. तरी ती सलायची थांबलेली नाही. तिच्याविषयी लिहायचे तर आधी गणना म्हणजे काय, ती आखतात कशी आणि चालवतात कशी, हे सांगणे भाग आहे.

जनगणना सर्वांना ठाऊक असते. आर्थिक गणना तिची धाकटी आणि काहीशी उपेक्षित बहीण. ती माणसांऐवजी उद्योगधंदे मोजते. सरकारी भाषेत यातल्या प्रत्येक एककाला 'आस्थापना' म्हणतात. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे पाटी, काउंटर, फाइली आणि रखवालदार उभे राहतात. गणनेच्या पुस्तिकेतील व्याख्या मात्र फार साधी होती. एका जागी मुख्यतः एकच धंदा चालतो, आणि तिथे तयार होणाऱ्या मालापैकी किंवा सेवेपैकी काही भाग तरी विकला जातो, म्हणजे सगळेच घरी खाण्यावापरण्यासाठी नसते, की झाली आस्थापना. गिरणी हीही आस्थापना आणि कोपऱ्यावरचा चहाचा गाडाही आस्थापना. शेतातील पीक आणि मळे एवढे वगळायचे. घरकामाला जाणारी बाई किंवा दुसऱ्याची मोटार चालवणारा ड्रायव्हर यांना धंदेवाईक धरायचे नाही, कारण ते दुसऱ्याकडे काम करतात. बाकी जे जे चालते ते मोजायचे. इतकी उदार व्याख्या हाती आली की वाटते, आता काही सुटणार नाही.

ही उदारता एकदम आलेली नाही. १९११ च्या जनगणनेबरोबर कारखान्यांची जी मोजणी झाली, तीत वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेलीच ठिकाणे धरली होती. १९२१ मध्ये हा उंबरठा दहा माणसांवर आला. स्वातंत्र्यानंतर, १९७७ साली, पहिली आर्थिक गणना झाली. तीत निदान एक तरी मजूर नियमितपणे लावणारी शेतीबाहेरची आस्थापनाच पात्र होती. ज्याच्याकडे मजूर नाही, जिथे घरचीच माणसे राबतात, तो धंदा १९७७ च्या हिशेबी नव्हताच. १९८० च्या दुसऱ्या गणनेपासून तोही आत आला. ती गणना आणि १९९० ची तिसरी गणना, या दोन्ही जनगणनेच्या घरयादीच्या कामाबरोबरच उरकल्या. १९९८ ची चौथी स्वतंत्रपणे झाली, आणि पाचवीही तशीच. वीस, दहा, एक आणि शून्य असा हा उंबरठा उतरत गेला. त्या शून्यापर्यंत यायला सत्तर वर्षे लागली, हे आम्हाला नंतर वाचून कळले. २००५ साली आम्हाला फक्त एवढे सांगण्यात आले की एकट्याने चालवलेला धंदाही मोजायचा आहे.

वाचकांपैकी कोणी विचारील की याला घरोघर हिंडायचे कारणच काय? धंद्यांची नोंदणी होतच असते. ती यादी घ्यावी आणि मोजावी. काही देशांत असे होतेही. अमेरिकेत दर पाच वर्षांनी, म्हणजे ज्या सालाच्या शेवटी २ किंवा ७ येतो त्या सालासाठी, आर्थिक गणना होते. तिथे धंद्यांची एक नोंदवही सरकारपाशी तयार असते. त्या यादीप्रमाणे कंपन्यांना प्रश्नावली जाते, आणि अगदी लहान धंद्यांची माहिती बव्हंशी करविषयक दप्तरातून घेतली जाते. आपल्याकडे अशा दप्तरात न आलेलेच अधिक. सहाव्या गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांपैकी शेकडा ३६ घरातच चालणाऱ्या होत्या आणि शेकडा १८ घराबाहेर, परंतु कोणत्याही पक्क्या बांधकामाशिवाय चालणाऱ्या. म्हणजे निम्म्याहून अधिक धंद्यांना स्वतःची पाटी लावायला भिंत नाही. शेकडा ७१ हून अधिक ठिकाणी एकही मजुरीवरचा माणूस नाही. अशा देशात धंदे मोजायचे तर दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नाही. आर्थिक गणनेची सगळी आखणी या एका गोष्टीवर उभी असते.

आखणी दिल्लीत होते. त्या काळी ती केंद्रीय सांख्यिकी संघटनेकडे होती. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय, जिल्ह्यात सांख्यिकी कार्यालय, आणि शेवटी गल्लीत प्रगणक व त्यांच्यावर पर्यवेक्षक. भूमीचा एकही तुकडा दोनदा मोजला जाऊ नये आणि एकही सुटू नये म्हणून जनगणनेसाठी पाडलेले प्रगणन गटच पुन्हा वापरायचे. प्रगणकाने आधी आपल्या गटाची हद्द पायी फिरून पाहायची, नजरी नकाशा काढायचा, घरांना क्रमांक द्यायचे, मग क्रमाने प्रत्येक दारी जायचे. घर बंद असेल तर पुन्हा जायचे. मंदिर, शाळा, पडका वाडा, जिन्याखालची टपरी, काहीही न पाहता सोडायचे नाही. ज्याच्या धंद्याला ठराविक जागा नाही, उदाहरणार्थ फेरीवाला, त्याची नोंद त्याच्या राहत्या घरी घ्यायची. त्यानंतर गोषवारा, गोषवाऱ्याची बेरीज पत्रकांच्या बेरजेशी जुळलीच पाहिजे. पर्यवेक्षकाने काही घरी स्वतः जाऊन नोंदी पडताळायच्या आणि सही करायची.

त्या वर्षी पत्रके यंत्राने वाचली जाणार होती. म्हणून प्रत्येक अंक आपापल्या चौकोनातच, रेषेला न टेकता, ठळक लिहायचा, आणि शक्यतो खोडाखोड करायची नाही, असे प्रशिक्षणात वारंवार बजावले गेले. हस्ताक्षराच्या बाबतीत आम्ही शाळेत प्रसिद्ध, किंबहुना कुप्रसिद्ध, होतो. आमच्या हाताखालच्या प्रगणकांत दोघी आमच्याच जुन्या विद्यार्थिनी होत्या. त्यांना आम्ही पुन्हा एकदा अंक गिरवायला लावले. व्याख्यांपेक्षा अंकांच्या वळणाकडे आमचे लक्ष अधिक होते, हे आता कबूल केले पाहिजे.

इचलकरंजी हे गाव गणनेच्या व्याख्यांची परीक्षा पाहणारे आहे. १९०४ साली श्रीमंत नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि पुढच्या शंभर वर्षांत गावाचे घर आणि गावाचा कारखाना यांच्यातली भिंत जवळजवळ नाहीशी झाली. पुढच्या खोलीत देवघर, मागच्या पडवीत चार माग. मागांच्या शेडला इकडे 'खाते' म्हणतात. आता समजा, एका छपराखाली चोवीस माग आहेत, पण कागदावर ते चार भावांचे सहा-सहा आहेत. ही आस्थापना एक की चार? मालक वेगळे, हिशेब वेगळा, म्हणून चार, असा निवाडा झाला. खर्चीवाला यंत्रमागधारक घ्या. माग त्याचे, वीजबिल त्याचे. सूत आणि बीम मात्र व्यापाऱ्याचे. कापड विणून देऊन तो पिकावर ठरलेली मजुरी घेतो. याला मालक म्हणावे की मजूर? प्रशिक्षणात यावर अर्धा तास चर्चा झाली. माग त्याचे आहेत आणि सेवा तो विकतो, म्हणून त्याचे खाते आस्थापना ठरले. मालक म्हणून आपली नोंद होते आहे हे ऐकून काही खर्चीवाले हसले. आणि वहिफणीवाले? नव्या बीमची हजारो टोके एकेक करून वहीतून आणि फणीतून ओवून देणारी ही मंडळी आज या खात्यात तर उद्या त्या खात्यात. 'वही' हा शब्द आम्ही रोज उच्चारतो, पण मागाच्या वहीत सूत ओवणाऱ्याची नोंद कोणत्या वहीत करायची हा प्रश्न आमच्यापुढे प्रथमच आला होता.

या सर्व अडचणींवर पुस्तिकेत उत्तर होते, किंवा वरिष्ठांना विचारून मिळत होते. ज्या अडचणीवर उत्तर नव्हते ती दारातच भेटायची. प्रगणकाने विचारावे, "घरात काही धंदा, उद्योग चालतो का?" आणि आतून उत्तर यावे, "काही नाही." पाठीमागे शिलाई मशीन दिसत असते. ओट्यावर पापड वाळत असतात. तरी काही नाही. यात खोटेपणा असतो असे नाही. काहींना वाटते, घरपट्टी वाढेल, विजेचा दर घरगुतीचा दुकानी होईल, करवाले येतील. माहिती फक्त आकडेवारीसाठी आहे, कुणाला दाखवली जाणार नाही, असे सांगण्याची सूचना होती आणि आम्ही तसे सांगतही असू. परंतु भीतीने दिलेला नकार समजावून काढता येतो. पुष्कळ बायकांच्या नकारात भीती नव्हतीच. आपण जे करतो ते काम या सदरात मोडते, हेच त्यांच्या मनात येत नव्हते. तिथे प्रगणकाने हट्टाने दुसरा प्रश्न विचारला तर नोंद व्हायची. थकून पुढे गेला तर दिल्लीपासून गल्लीपर्यंतची सारी आखणी त्या उंबऱ्यावर फुकट जायची.

आता आमच्या घराकडे वळतो.

आमच्या वडिलांचे चार माग होते. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवसपाळीला एक गडी, रात्रपाळीला एक, आणि वडील दोन्ही पाळ्यांना. साध्या मागाला धोटा लागतो आणि धोट्यात कांडी. ती सूत भरलेली कांडी संपली की माग थांबतो. चार माग चालते ठेवायचे तर कांड्यांचा ढीग सतत तयार हवा. तो ढीग आमची आई तयार करी. स्वयंपाकघर आणि शेड यांच्यामधल्या बोळात कांडी मशीन होते. पहाटे चूल पेटवण्याआधी ती त्यावर बसे, दुपारी जेवणे आटोपली की बसे, आणि रात्रपाळीचा गडी आला की पुन्हा. आम्ही डी.एड. झालो, बी.ए. झालो, शाळेत लागलो, ते त्या मशीनच्या घरघरीत. नोकरी लागल्यावर आम्ही पुष्कळदा म्हणालो की आता पुरे. ती म्हणायची, मग माग काय पाण्यावर चालवायचे?

आमच्या घराची नोंद घ्यायला आमची विद्यार्थिनी आली, तेव्हा योगायोगाने आम्ही घरीच होतो. तिने शिकवल्याप्रमाणे क्रमाने विचारले. धंदा कोणता, वर्षभर चालतो की हंगामी, वीज वापरता का. मग आईला म्हणाली, "आजी, खात्यात कोण कोण काम करतं?"

"आमचं मालक, आन् दोन गडी."

"आणि तुम्ही?"

"मी काय करतो? घरचंच काम हाय की."

आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'मी करतो', 'मी जातो' असेच बोलतात. प्रमाण मराठी शिकवणाऱ्या आम्हाला वर्गात मुलींची ही क्रियापदे दुरुस्त करावी लागत. त्या दिवशी मात्र आम्ही काहीच दुरुस्त केले नाही. आईच्या मांडीवर भरलेल्या कांड्यांची टोपली होती. मुलीने टोपलीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "लिही पुढचं." तिने लिहिले: एकूण काम करणारे ३, पुरुष ३, स्त्रिया ०, त्यांपैकी मजुरीवरचे २. अंक चौकोनात नीट बसले होते. आम्ही सही केली.

दोन दिवसांनी पडताळणीसाठी पलीकडच्या गल्लीत गेलो. तिथेही सहा मागांचे खाते, तिथेही स्त्रियांच्या रकान्यात शून्य, आणि दारातून सरळ दिसेल अशा जागी घरची सून कांड्या भरत बसलेली. आमच्यातला मास्तर जागा झाला. पुस्तिका काढून आम्ही त्या मुलीला तिथल्या तिथे नियम वाचून दाखवला की काम करणाऱ्यांत मालक आणि बिनपगारी घरची माणसेही धरायची आहेत. "पगार नाही म्हणजे काम नाही असं कुणी सांगितलं तुला? ही बाई उठली तर माग थांबतात की नाही?" सून गोंधळून मशीनवरून उठली आणि आत गेली. मुलीने निमूटपणे ओळ रद्द केली, नवी लिहिली, आमची सही घेतली. मग पायरी उतरताना हळूच म्हणाली, "सर, मग आजींचं?"

आम्ही म्हणालो, "बघू."

त्या रात्री पत्रकांचा गठ्ठा आमच्याकडेच होता. दुसऱ्या दिवशी तो जमा करायचा होता. आमच्या घराची ओळ आम्ही काढून पाहिली. दुरुस्ती अवघड नव्हती. सकाळी एका ओळीची केलीच होती. आई मशीनवर होती. तिला सांगितले की तुझे नाव, म्हणजे नाव नव्हे, तुझा आकडा राहिला आहे, तो घालतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे लेका. खाडाखोड करू नगा म्हनून पोरींना तूच सांगतोस न्हवं? घरचंच काम त्ये. त्येला काय लिवायचं?"

तिचा हा निरोप मानून आम्ही पत्रक मिटले. पुढे कित्येक वर्षे आम्ही स्वतःला हेच कारण सांगत आलो: तीच नको म्हणाली, गोषवारा तयार झाला होता, बेरजा पुन्हा कराव्या लागल्या असत्या. खरे कारण वेगळे होते आणि ते लिहिण्यासाठीच आम्ही हा खटाटोप केला आहे. गावात आम्ही 'सर' होतो. सरांची आई अजून कांड्या भरते, हे गल्लीला ठाऊक असले तरी सरकारी कागदावर आमच्याच सहीखाली जावे हे आम्हाला नको होते. पत्रकात तिचे नाव जाणार नव्हते. गेला असता तो एक अंक, कोट्यवधी अंकांत मिसळून जाणारा. तेवढ्याचीही आम्हाला लाज वाटली. दुसऱ्याच्या सुनेसाठी नियम वाचून दाखवताना आम्हाला जो आवेश आला होता, त्याचा उगमही बहुधा या लाजेतच असावा.

एका अंकाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. आम्हीही म्हणून पाहिले. परंतु आर्थिक गणना ही केवळ बेरजेसाठी होत नाही. तिच्यातून जी यादी आणि जे गणित तयार होते, त्याच्या आधारे पुढची नमुना सर्वेक्षणे आखली जातात. कोणत्या गावात कोणते धंदे किती आहेत हे त्यातून ठरते, आणि कोणत्या दारी पुन्हा जाऊन सविस्तर विचारायचे तेही. गणनेत जे सुटले ते नमुन्यात येण्याचा संभवच राहत नाही. ते पुन्हा सुटते. आमच्या गावात त्या वर्षी पत्र्याखाली, बोळात, जिन्याखाली कांड्या भरणाऱ्या किती बायका होत्या? प्रत्येक घरी एक मास्तर होता असे नाही. पण प्रत्येक घरी 'घरचंच काम' होते, आणि ते ऐकून पुढे सरकणारा एखादा घाईतला माणूसही होता.

आणि जे नियमानेच सुटतात त्यांचे काय? पुढे सहाव्या गणनेच्या अहवालात आम्ही वाचले की बेघर आणि भटक्या लोकांचे, पाल ठोकून आज इथे उद्या तिथे राहणाऱ्यांचे धंदे गणनेत धरलेले नाहीत. आखणाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. सारी व्यवस्था घराच्या क्रमांकावर उभी, आणि यांना क्रमांक टाकायला दार नाही. तरीही हे वाचताना दोन पुस्तके आठवल्यावाचून राहिली नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा बलुत्या-अलुत्यांबरोबर त्यांनी 'फिरस्ते' लोकांनाही स्वतंत्र प्रकरण दिले. त्यांची या लोकांकडे पाहण्याची दृष्टी आज पटण्यासारखी नाही. पण त्यांनी ते वगळले नाहीत. आणि लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त, १९८० साली, तेच जगणे आतून सांगितले गेले. गाढवांवर संसार लादून गावोगाव हिंडणारे आणि टोपल्या विणून विकणारे ते कुटुंब गणनेच्या व्याख्येप्रमाणे उत्तम आस्थापना ठरावी: माल तयार होतो, विकला जातो, घरचे सगळे राबतात. अडते ते फक्त 'एका जागी' या दोन शब्दांवर. 'उपरा' शिकवताना विद्यार्थी आम्हाला विचारीत, हे साहित्य आहे की समाजशास्त्राचा दस्तऐवज? या प्रश्नाला आम्ही वर्षानुवर्षे ठराविक उत्तर देत आलो. त्या अहवालानंतर ते उत्तर आम्हाला पूर्वीच्या सहजतेने देता आले नाही. जी नोंद घेण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची होती आणि कोणी घेतली नाही, ती एका माणसाने स्वतःच लिहून काढली, एवढेच आम्ही मुलांना सांगू लागलो.

आई २०१० साली गेली. तिच्यामागून दोन वर्षांत वडिलांनी माग विकले. म्हणजे ते भंगारात वजनावर गेले. सहावी गणना २०१३ च्या जानेवारीत देशात सुरू होऊन २०१४ च्या एप्रिलपर्यंत चालली. या वेळी आम्ही पर्यवेक्षक नव्हतो. आमच्या दारी आलेल्या एका अंगणवाडी सेविकेपुढे आम्ही नुसते घरमालक होतो. तिने मागच्या शेडचे विचारले. ती एका सूतवाल्याला गोदाम म्हणून भाड्याने दिली होती. ते तिने लिहून घेतले. मग नेहमीचा प्रश्न: "घरात आणखी कोणी काही करतं का?"

"काही नाही हो," आतून सौभाग्यवतींचा आवाज आला.

बोळात, जिथे आईचे कांडी मशीन असे तिथेच, त्यांचे शिलाई मशीन आहे. गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना त्या पिको-फॉल करून देतात. लग्नसराईत तर रात्री बारापर्यंत. आम्ही म्हणालो, "थांबा. लिहा. साड्यांना पिको-फॉल. घरातच. काम करणाऱ्या स्त्रिया एक. मजुरीवर कोणी नाही."

बाई गेल्यावर घरात बरेच काही ऐकून घ्यावे लागले. "अहो, विजेचं बिल दुकानाच्या दरानं आलं म्हणजे कळेल तुम्हाला. आणि हे काय सांगायचं असतं का? घरातल्या घरात चार साड्या शिवते मी." आम्ही काही बोललो नाही. वीजबिल नेहमीसारखेच आले.

सहाव्या गणनेचा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात स्त्रियांच्या मालकीच्या आस्थापनांचा आकडा वेगळा दिलेला होता: सुमारे ८० लाख, शेकडा १३.७६. त्यात आमच्या घरची एक आहे, असे आम्ही सौभाग्यवतींना दाखवले. त्यांनी चष्मा लावून तो आकडा पाहिला आणि विचारले, "यात आत्या असत्या का हो?" आत्या म्हणजे आमची आई. आम्हाला सांगावे लागले की नाही, या आकड्यात नसत्या. माग वडिलांच्या नावावर होते, म्हणून ती मालक ठरली नसती. ती काम करणाऱ्यांच्या रकान्यात आली असती, बिनपगारी घरच्या माणसांत. तिथेही ती नाही, कारण तिथे २००५ साली शून्य आहे आणि त्या शून्याखाली आमची सही आहे. हे त्यांना त्या दिवशी प्रथमच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. मशीनवर जाऊन बसल्या.

सातवी गणना २०१९ साली त्रिपुरातून सुरू झाली. त्या वेळी कागदी पत्रके गेली होती. प्रगणकांच्या हातात मोबाइल होता आणि ज्या जागी नोंद होई त्या जागेची खूणही आपोआप नकाशावर उमटत असे. चौकोनात अंक बसवण्याचा प्रश्न संपला. मग महासाथ आली, काम रखडले, आणि सहाव्या गणनेसारखा तिचा देशव्यापी अहवाल काही बाहेर आला नाही. यंत्रे सुधारतील, पुढची गणना अधिक चांगली आखली जाईल, याविषयी आम्हाला शंका नाही. दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी हे वाचत असेल, तर आमचे सांगणे एवढेच आहे की "काही नाही" हे उत्तर आले की एकदा आत वाकून पाहावे, आणि सोबतचे सर "लिही पुढचं" म्हणाले तरी थांबावे.

आमची ती विद्यार्थिनी आता स्वतः शिक्षिका आहे. मध्यंतरी एका लग्नात भेटली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि निघताना तिने विचारले, "सर, आजींचं ते राहिलंच ना?"

आम्ही म्हणालो, "हो. राहिलंच."